तळ्यावरच्या बदकांना काही घालू नका: न्यू जर्सीतल्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

मध्य न्यू जर्सीत तळ्याकाठच्या वसाहतींमध्ये राहणाऱ्या सर्व मराठी कुटुंबांना, आणि त्यांच्याकडे मुक्कामाला आलेल्या आई-वडिलांना,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की भारतातून आई-बाबा यायला सुरुवात होते. त्याच सुमारास आपल्या टाउनहाउसांच्या मधल्या तळ्यांवर मॅलार्ड बदकांच्या माद्या अंडी उबवायला बसतात आणि कॅनडा गीजची (गूज म्हणजे हंसासारखा मोठा पक्षी, अनेक असले की गीज) पिवळसर पिल्लं गवतात दिसू लागतात. मग थंडी पडेपर्यंत रोज संध्याकाळी तळ्याकाठी आजी-आजोबा असतात, त्यांचा हात धरलेलं नातवंड असतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत उरलेल्या पोळ्या, पावाच्या कडा, भात, कधी चिवडा. एडिसनला जा, पिस्कॅटवेला जा, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, मन्रो, कुठंही जा, हेच चित्र. म्हणून हे पत्र कुणा एका घराला उद्देशून नाही.

विनंती आधीच सांगून टाकते. या पक्ष्यांना काहीही घालू नका. पोळी नको, भात नको, पाव नको, आणि दुकानात बदकांचं खाणं म्हणून मिळतात ते दाणेही नकोत. का, ते सविस्तर लिहिते. 'खायला घालू नये' अशी इंग्रजी पाटी तळ्यावर आहेच. ती कारण सांगत नाही, आणि आपली माणसं कारण पटल्याशिवाय हात आखडता घेत नाहीत. ते योग्यही आहे.

मी आमच्या वसाहतीच्या तळं आणि बाग समितीवर काम करते, त्यामुळे तक्रारी माझ्यापर्यंत येतात. पायवाटेवर विष्ठा, मुलांच्या खेळायच्या गवतावर विष्ठा. चार वर्षांच्या मुलीच्या हातातलं बिस्किट घ्यायला गूज अंगावर धावून आलं. तळ्याला वास येतो. डेकखाली उंदीर झालेत. यातली एकही तक्रार खोटी नसते. तळ्याकाठी पक्ष्यांची संख्या वाढली की तक्रारी वाढतात, आणि मग बैठकीत कुणीतरी विचारतं की हे पक्षी काढून टाकायला खर्च किती येईल.

काढून टाकणं म्हणजे काय, हे पोळी घालणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तपशिलात सांगते. जून-जुलैत कॅनडा गीजची उडायची सगळी पिसं एकदम झडतात. नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या दिवसांत पहाटे माणसं येतात, जाळीचे आडोसे लावतात आणि पक्ष्यांना, त्यांच्या वाढत्या पिल्लांसकट, पायी हाकत एका कोपऱ्यात नेऊन पिंजऱ्यांत भरतात. त्यानंतर बरेचदा कार्बन डायऑक्साइड सोडून त्यांना मारलं जातं. हे चोरून होत नाही, सरकारी परवान्यानं होतं. गीज आणि बदकं दोघांनाही १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या अंड्यालाही मनात आलं म्हणून हात लावता येत नाही. पण उपद्रव दाखवून दिला की परवानगी मिळते. आणि उपद्रव दाखवायला लागतात तक्रारींचे कागद. ते कागद कसे तयार होतात, हे मी जवळून बघते आहे.

१५ जानेवारी २००९ ला लागार्डिया विमानतळावरून सुटलेलं विमान गीजच्या थव्याला धडकलं आणि वैमानिकानं ते हडसन नदीत उतरवलं. नदीच्या आपल्याच बाजूच्या काठावर वीहॉकेन आहे, त्यामुळे इथल्या पुष्कळांना तो दिवस आठवत असेल. विमानातली १५५ च्या १५५ माणसं वाचली. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरातल्या बागांमधून आणि मोकळ्या जागांमधून हजाराहून जास्त गीज धरून मारले गेले. त्याच वर्षी स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संशोधकांनी इंजिनात सापडलेल्या पिसांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. विमानाला धडकलेले पक्षी उत्तरेहून आलेले स्थलांतरी होते, शहरातल्या बागांमधले नव्हते. स्थलांतरी थवा कुणाच्या हाती लागणार नव्हता. हाती लागले ते माणसाला न घाबरणारे, रोज त्याच काठावर सापडणारे पक्षी. माणसाची भीती घालवणं हे त्यांच्या दृष्टीनं किती धोक्याचं आहे, ते यावरून लक्षात यावं.

हे गीज इथं बारा महिने का राहतात, ही कहाणीही माणसाच्याच हातची. पूर्वी शिकारी जिवंत गीज पाळायचे. त्यांच्या हाकेला भुलून आकाशातून जाणारे थवे खाली उतरायचे आणि बंदुकीच्या टप्प्यात यायचे. १९३५ मध्ये या जिवंत आमिषावर बंदी आली आणि पाळलेल्या पक्ष्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला. बरेच सोडून दिले गेले. उत्तरेला जायची वाट पिल्लांना आई-बापाकडूनच कळते, आणि यांच्या आई-बापांनाच ती माहीत नव्हती. पुढं वेगवेगळ्या राज्यांनी शिकारीसाठी आणखी पक्षी सोडले. त्यांच्या वंशजांना उपनगरांत हवं ते सगळं मिळालं. गालिचासारखं कापलेलं कोवळं गवत, आडोसा नसलेला मोकळा काठ, कोल्ह्या-कायोटीची तुरळक भीती, आणि वर हातातून मिळणारं अन्न. पहिल्या गोष्टी बदलायला पैसा आणि काही वर्षं लागतील. शेवटची आज संध्याकाळी बदलता येते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: "आम्ही त्या मोठ्या गीजना घालतच नाही, आम्ही छोट्या बदकांना घालतो." घालणाऱ्याचा हेतू तसा असतो हे मला मान्य आहे. पण पाण्यावर पोळीचा तुकडा पडला की कोण पुढं येतं ते तुम्हीच बघितलं आहे. गूज मान लांब करून तो उचलतं आणि बदकं कडेनं फिरत राहतात. दुसऱ्या दिवशी गीज जास्त असतात. उरलेलं रात्री उंदीर आणि रॅकून खातात. उंदरांसाठी मग इमारतीच्या कडेनं विषाचे काळे डबे येतात, आणि विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाच्या किंवा ससाण्याच्या पोटात जातो.

आता बदकांबद्दल. मॅलार्डच्या नराचं डोकं हिरवंगार चकाकतं, म्हणून फोटो त्याचे निघतात. तुम्ही मादीकडे बघा. तपकिरी, गवतात बसली तर दिसणारही नाही अशी. ती आपल्याच छातीची पिसं काढून झुडपाखाली, कधी आपल्या दाराशी ठेवलेल्या मोठ्या कुंडीत घरटं मऊ करते, साधारण आठ ते तेरा अंडी घालते आणि २८ दिवसांच्या आसपास बसून राहते. दिवसातून थोडा वेळ खायला उठते तेवढंच. नर तोवर निघून गेलेला असतो. पिल्लं बाहेर पडली की एका दिवसाच्या आत ती त्यांना पाण्यावर नेते, आणि त्या क्षणापासून पिल्लं आपलं आपण खातात. आई भरवत नाही. त्यांना लागतात पाण्यातल्या अळ्या, किडे, बारक्या गोगलगायी. अंडी घालायच्या दिवसांत आईलाही तेच लागतं, कारण अंड्यात जाणारं प्रथिन पावातून मिळत नाही. पोळी, भात, पाव यांनी पिल्लाचं पोट भरतं, अंग धरत नाही. आणि पोट भरलेलं पिल्लू अळ्या शोधायला जात नाही. चिवडा आणि शेव यांतलं मीठ, तेल, तिखट हा तर वेगळाच त्रास.

पंखाचा एक विकार आपल्या तळ्यांवर दिसतो. तुम्हीही बघितला असेल: एखाद्या गूजचा किंवा बदकाचा एक पंख अंगाला मिटून बसत नाही, शेवटची पिसं बाजूला वळून बाहेर आलेली असतात. पक्षी कुठं आपटला असेल असं आपल्याला वाटतं. त्याला इथं एंजल विंग म्हणतात. पिल्लू वाढत असताना खाण्यात उष्मांक जास्त आणि जीवनसत्त्वं, मँगनीज कमी पडलं की उडायची पिसं सांध्यापेक्षा लवकर वाढतात, आणि कोवळं मनगट त्यांच्या वजनानं फिरतं, असं पशुवैद्य सांगतात. यात पावाचा वाटा नेमका किती, यावर जाणकारांत वाद आहे आणि तो मी लपवणार नाही. पण एकदा वाढ पुरी झाली की तो पंख पुन्हा सरळ होत नाही, याबद्दल वाद नाही. तो पक्षी आयुष्यभर उडत नाही. जानेवारीत तळं गोठतं तेव्हा बाकीचे वाहत्या पाण्याकडे, रॅरिटन नदीकडे किंवा समुद्राच्या बाजूला जातात. हा बर्फावर राहतो, आणि कोल्ह्याला सापडतो.

आणखी एक गोष्ट, लिहायला अवघड, पण तुम्ही ती पाहून तोंड फिरवलेलं मला माहीत आहे. वसंतात पाच-सहा नर एका मादीच्या मागे लागतात, तिची मान धरून तिला पाण्याखाली दाबतात. कधी ती बुडून मरते. निसर्गात हे होत नाही असं नाही. पण खाण्याच्या आशेनं एका लहानशा तळ्यावर नरांची गर्दी जमली की तिला निसटायला जागा उरत नाही.

तळ्याबद्दलही एक समजून घ्यायला हवं. आपलं तळं हे निसर्गाचं तळं नव्हे. वसाहत बांधताना छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी साठवून हळूहळू सोडायला ते खोदलेलं आहे. उथळ आहे, पाणी फार हलत नाही. त्यात पडलेली पोळी आणि वाढलेल्या पक्ष्यांची विष्ठा यांतलं नत्र आणि फॉस्फरस पाण्यातच राहतं. जुलैत त्यावर हिरवी साय धरते, खाली प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. मोठ्या पावसात हेच पाणी ओढ्यात जातं, आपल्या भागातलं बरंचसं ओढ्यांतून मिलस्टोनला आणि रॅरिटनला मिळतं. त्या दोन नद्यांच्या संगमाजवळ पाणी शुद्ध करण्याचं मोठं केंद्र आहे. मध्य न्यू जर्सीतल्या असंख्य घरांचे नळ त्यावर चालतात, कदाचित तुमचाही. म्हणूनच २००४ पासून राज्याच्या पावसाच्या पाण्याविषयीच्या नियमांनी गावोगावच्या नगरपालिकांना सार्वजनिक बागांमध्ये आणि पालिकेच्या जागेत वन्य प्राण्यांना खायला घालण्यावर बंदीचा ठराव करायला लावला. सार्वजनिक बागेत दंड होऊ शकतो. आपली तळी खाजगी असली तर घरमालकांच्या असोसिएशनचे नियम लागू होतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यातही हे कलम आहे. पण दंडाच्या भीतीनं कुणी थांबावं म्हणून मी हे लिहीत नाही.

रोगांचा विषय मला जास्त गंभीर वाटतो. रानटी बदकं खाण्यासाठी सहसा एवढ्या दाटीनं एका जागी जमत नाहीत. ती पाण्यावर विखुरतात. एका कोपऱ्यात रोज ठरल्या वेळी अन्न पडलं की खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या विष्ठेत चोच घालून खातात. बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य रोग या देशात प्रथम १९६७ मध्ये आपल्या शेजारीच, लाँग आयलंडच्या बदकपालन केंद्रांत सापडला. १९७३ च्या जानेवारीत साउथ डकोटातल्या लेक अँडीजवर त्यानं सुमारे ४०,००० मॅलार्ड मेले. तिथं कुणी पोळी घालत नव्हतं, हेही सांगायला हवं. तिथं थंडीनं पक्षी थोड्या पाण्यावर दाटले होते. दाटी झाली की रोग काय करतो हे त्यावरून कळतं, आणि आपण ती दाटी मुद्दाम करतो. दुसरा रोग बोट्युलिझम. उबदार, कुजक्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात एका जिवाणूचं विष तयार होतं आणि पक्ष्याची मान लुळी पडते, पाण्यावर बसल्या बसल्या तो बुडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर १८,००० च्या आसपास पक्षी याच रोगानं मेले. ती छायाचित्रं तुमच्यापैकी पुष्कळांनी बातम्यांत पाहिली असतील.

आणि बर्ड फ्लू. महाराष्ट्राला तो नवा नाही. देशातली पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. त्या वेळी लाखो कोंबड्या मारून पुरल्या होत्या. आताचा त्याचा एच५एन१ विषाणू रानटी पक्ष्यांतून अमेरिकेत पसरला तो २०२२ च्या सुरुवातीपासून. मॅलार्डची अडचण अशी की तो विषाणू अंगात घेऊन ते धडधाकट फिरू शकतात. बघून काही कळत नाही. २०२५ च्या हिवाळ्यात दक्षिण न्यू जर्सीत हिमहंस (स्नो गीज) मोठ्या संख्येनं मेलेले सापडले, आणि त्याच वर्षी हंटरडन परगण्यात मांजरांनाही लागण झाली. सामान्य माणसाला धोका कमी आहे, असं आरोग्य खातं सांगतं आणि मीही तेच सांगते. घाबरून तळ्याकडे जाणं बंद करू नका. पण जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात दगावलेली व्यक्ती ६५ वर्षांच्या वरची होती, आधीचे आजार असलेली होती, आणि तिचा संबंध घरच्या आणि रानटी पक्ष्यांशी आला होता. मधुमेह, दमा, हृदयाची गोळी चालू असलेले आपले आई-बाबा आणि सारखी बोटं तोंडात घालणारी नातवंडं नेमकी त्याच काठावर उभी राहतात, म्हणून काळजी वाटते. साल्मोनेला, म्हणजे विष्ठेतून हातावर येऊन जुलाब लावणारा जिवाणू, तर याहून कितीतरी साधी आणि नेहमीची गोष्ट आहे. तळ्यावरून आल्यावर हात साबणानं धुवायचे, चपला दाराबाहेर काढायच्या, मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, इतकं तरी आजपासून पाळा.

आई-बाबा, आता तुमच्याशी बोलते.

तुम्ही पोळी घेऊन तळ्यावर का जाता, ते मला समजतं. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात, नातवंड शाळेत. गाडी चालवता येत नाही, बस नाही, रस्त्यावर माणूस नाही. भारतात तुम्ही दारात आलेल्या गाईला घास दिलात, चिमण्यांना तांदूळ टाकलेत, पितृपक्षात कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभे राहिलात. इथं पानाला शिवायला कावळा येत नाही तेव्हा काकबळी तळ्याकाठी ठेवून बदकांना हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना थांबवायचं धाडस मला झालं नाही. अन्न टाकायचं नाही, ते कुणाच्या तरी मुखी लागलं पाहिजे, हा संस्कार चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तळ्यावरची बदकं तुमची चाल ओळखतात, तुम्ही वळणावर दिसलात की पोहत येतात. दिवसभरात आपल्याला बघून आनंदानं पुढं येणारं दुसरं कुणी नसतं, ते किती मोलाचं आहे हे मला ठाऊक आहे.

तरीही थांबा असं सांगते, कारण या दयेची किंमत ज्यांच्यावर दया केली तेच देतात. मुंबईत कबुतरांना दाणे घालण्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद झाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला तेव्हा लोक किती चिडले, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. तिथं प्रश्न होता माणसांच्या फुप्फुसांचा. इथं माणसांच्या आरोग्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय इथल्या व्यवस्थेत नकोशा झालेल्या पक्ष्याचा शेवट कसा होतो ते वर लिहिलं आहे. कुणी तुम्हाला येऊन सांगणार नाही की तुम्ही ज्यांना घास घातलात ते गीज गेल्या बुधवारी पहाटे नेले.

तळ्यावर जाणं सोडू नका. उलट जास्त जा, रिकाम्या हातानं जा. पहिले काही दिवस बदकं पोहत येतील, थांबतील, परत जातील. तेवढे दिवस मन घट्ट करावं लागेल. मग ती तुमच्याकडे दुर्लक्ष करून आपलं खरं जगणं दाखवायला लागतील: शेपटी वर करून पाण्याखाली चरणं, पिल्लांची रांग, मादीची हाक. नीट बघितलंत तर तळ्यावर मॅलार्डशिवाय वुड डक दिसेल, हिवाळ्यात हूडेड मर्गान्सर येईल. काठाला निळा बगळा उभा असेल, आपल्याकडच्या राखी बगळ्याचा तो भाऊबंद. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, ते आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं. नातवंडाला फोन धरू द्या आणि तुम्ही यादी करा. ती यादी त्याच विद्यापीठाच्या ईबर्डवर भरली तर ती संशोधकांच्या उपयोगाला येते, आणि भारतात परतल्यावर पाषाणच्या तळ्यावर किंवा रंकाळ्यावर हळदी-कुंकू बदकांची नोंद करायलाही तेच खातं चालतं. आमच्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षक आजोबा हे करतात. त्यांच्यामुळे या वर्षी कुठल्या झुडपाखाली घरटं आहे हे आम्हाला वेळेत कळलं आणि गवत कापणाऱ्यांना तो कोपरा सोडायला सांगता आला. पिशवीभर पोळ्यांनी त्या मादीचं जे भलं झालं नसतं ते यानं झालं.

उरलेल्या अन्नाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. थोड्या कमी पोळ्या करा, फ्रीजरमध्ये ठेवा, आणि कोरडा शिधा द्यायची इच्छा असेल तर गावातल्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात, तांदूळ-डाळ नेऊन द्या. तिथं माणसं रांगेत उभी असतात. श्राद्धाचं पान घरच्या अंगणात थोडा वेळ ठेवून, हात जोडून, मग घरात घेता येतं. यावर आपल्या गुरुजींशी बोला. माझ्या अनुभवात ते या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचे असतात.

मुलांनो आणि सुनांनो, तुम्हालाही सांगायचंय. हे आई-बाबांना तुम्हीच सांगा. त्यांना तळ्यावर एखाद्या अनोळखी माणसानं हटकावं, मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करावं आणि वसाहतीच्या गटात 'हे लोक' म्हणून ते फिरावं, अशी वेळ येऊ देऊ नका. असं घडलं आहे. ज्या बाईंना हटकलं त्या नंतर कित्येक दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात, त्यांच्याबरोबर तळ्यावर फेरी मारा आणि कारणासकट सांगा. त्यांना पिल्लू जखमी दिसलं तर ते घरी आणू नका, ते कायद्यातही बसत नाही. परवानाधारक वन्यजीव उपचारकांचे क्रमांक राज्याच्या मासे आणि वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर आहेत, ते फ्रीजवर लावून ठेवा. मराठी मंडळांनी पितृपक्षाच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्या पत्रकात याबद्दल चार ओळी घालाव्यात.

वसाहतींच्या समित्यांवर आपली मराठी माणसं आता बरीच आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की पाटी मराठीत, गुजरातीत, तेलुगूत, चिनी भाषेत लावा आणि तिच्यावर कारण लिहा. काठाचं गवत पाण्यापर्यंत कापू नका. दहा-पंधरा फुटांचा पट्टा वाढू द्या, त्यात इथलं उंच गवत आणि पाणवनस्पती लावा. कोल्हा दडून बसला असेल या भीतीनं गीज असा काठ टाळतात, आणि त्याच पट्ट्यात बदकाची मादी घरटं करते. संख्या फारच वाढली असेल तर २००६ पासून जागेच्या मालकाला केंद्राच्या मासे आणि वन्यजीव सेवेकडे मोफत नोंदणी करून कॅनडा गीजची ताजी अंडी मक्याच्या तेलानं माखायची मुभा आहे. तेल लावलेलं अंडं फुटत नाही, मादी काही काळ बसते आणि सोडून देते. तेही मला सुखाचं वाटत नाही, पण जुलैतल्या पिंजऱ्यांपुढे मी ते पत्करते. त्यासाठी नोंदणी वेळेत, अंड्यांना हात लावायच्या आधी व्हावी लागते.

आमच्या समितीची या विषयावरची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. शेजारच्या वसाहतींच्याही साधारण त्याच महिन्यात असतात. पक्षी पकडून नेण्याच्या प्रस्तावाला विरोध करायचा तर आम्हाला हातात काहीतरी दाखवावं लागेल: इतक्या घरांनी लेखी दिलं आहे की ते खायला घालणार नाहीत. त्या कागदावर सही करा, आई-बाबा आले असतील तर त्यांचीही घ्या, आणि शक्य असेल त्यांनी बैठकीला या. मराठी घरांची संख्या तिथं दिसली पाहिजे.

आपली,
तुमच्याच तळ्याकाठची एक शेजारीण